सिंह कोणाचा?

मराठी भाषेत सिंह पुष्कळ आहेत. सिंहासन आहे, सिंहगड आहे, सिंहस्थ आहे. मागे वळून पाहायचे झाले तर आपण सिंहावलोकन करतो. कोंढाण्याच्या लढाईनंतरचे जे उद्गार लोकपरंपरेने शिवाजी महाराजांच्या तोंडी घातले, त्यांतही गड मिळाल्याच्या आनंदापेक्षा सिंह गेल्याचे दुःख मोठे आहे. मात्र ज्या प्राण्याने भाषेला एवढे दिले, तो महाराष्ट्राच्या रानात कधी नांदल्याचा भक्कम पुरावा नाही. नर्मदा ही ढोबळमानाने त्याच्या वस्तीची दक्षिण सीमा मानली जाते. आपल्या डोंगरांत वाघ होता, बिबळ्या होता. सिंह होता तो पोथीत, नाण्यावर आणि देवीच्या पायाशी.

असे असूनही या प्राण्याच्या अलीकडच्या इतिहासाकडे मराठी वाचकाने बारकाईने पाहावे, असे आम्हांला वाटते. एक कारण असे की, आशियात उरलेल्या या एकमेव मुक्त सिंहाची कथा दोन मराठी संस्थानांच्या हद्दींना स्पर्श करून जाते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. एखाद्या दुर्बळाला आपण वाचवले की तो आपला होतो का, हा प्रश्न या कथेच्या मुळाशी आहे. सव्वाशे वर्षांत त्या प्रश्नाची जी वेगवेगळी उत्तरे दिली गेली, त्यांवरच सिंहाचे भवितव्य आजही टांगलेले आहे.

एके काळी हा सिंह सिरिया आणि मेसोपोटेमियापासून इराणमार्गे पार बिहारपर्यंत पसरलेला होता. मोगल दरबारातील चित्रकारांनी तो रंगवला, बादशहांनी तो मारला. आणि तरीही तो टिकून होता, कारण भाला-तिरांची आणि सावकाश भरणाऱ्या बंदुकांची शिकार कितीही थाटाची असली तरी तिची संहारशक्ती मर्यादित होती. एकोणिसाव्या शतकात सुधारलेल्या बंदुका आल्या, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सुट्ट्या आल्या, आणि गवताळ माळ नांगराखाली गेले. सिंह वाघासारखा दाट झाडीत दडत नाही. तो कळपाने राहतो, उघड्यावर येतो, आवाज देऊन स्वतःचा ठिकाणा सांगतो. शिकाऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीचे सावज नसेल. त्या शतकाच्या अखेरच्या पावपर्यंत उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातून तो जवळजवळ नाहीसा झाला. इराणमध्ये तो १९४०च्या दशकापर्यंत कसाबसा तग धरून होता. उरले ते काठेवाडातील गीरचे जंगल, आणि त्याभोवतीचे जुनागढचे छोटे मुसलमानी संस्थान.

गीरच का, याचे उत्तर भूगोलात आहे तसे राजकारणातही आहे. खडकाळ टेकड्या, सागाचे कोरडे रान, काटेरी झुडपे आणि उन्हाळ्यातही थोडे पाणी राखणाऱ्या नद्या हे झाले भूगोलाचे. राजकारण असे की, हे रान ब्रिटिश मुलखात नव्हते. नवाबाच्या परवानगीशिवाय तेथे सिंह मारता येत नसे, आणि परवानगी मागणाऱ्यांत बड्या साहेबांची रीघ असे. १८९९-१९००च्या भयानक दुष्काळात, ज्याला गुजरातीत संवत १९५६वरून ‘छप्पनियो’ म्हणतात, गुरे मेली, रान उजाड झाले, भुकेले सिंह वस्त्यांत शिरले. त्याच सुमारास, १९०० साली, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन जुनागढला आला. त्याच्यासाठी सिंहाची शिकार योजली होती. ती त्याने नाकारली आणि नवाब रसूलखानजींना सिंहांचे रक्षण करण्याचा सल्ला दिला. सिंह वाचवल्याचे श्रेय पुष्कळदा या एका नकाराला दिले जाते. ते थोडे अधिकच आहे. पाहुण्यांना आवर घालण्याची जुनागढची खटपट त्याआधीपासून चालू होती. कर्झनच्या शब्दाने तिला साम्राज्याचा शिक्का मिळाला, एवढेच.

या खटपटीतली एक युक्ती मोठी मार्मिक आहे. सिंह डझनभरच उरले आहेत, असे त्या काळात वारंवार सांगितले जाई आणि आजही अनेक पुस्तकांत तो आकडा दिसतो. दिव्यभानुसिंह यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की, प्रत्यक्षातील संख्या याहून बरीच जास्त असली पाहिजे. बंदूक घेऊन दाराशी आलेल्या प्रतिष्ठितांना परतवण्यासाठी ती कमी करून सांगितली जात होती. १९३६ साली संस्थानाने गणती केली तेव्हा २८७ सिंह नोंदले गेले. तेव्हा डझनाचा तो आकडा प्राणिशास्त्रापेक्षा मुत्सद्देगिरीच्या दफ्तरात ठेवणे योग्य. व्हाइसरॉयच्या पाहुण्याला थेट ‘नाही’ म्हणणे नवाबाला शक्य नव्हते. ‘शिल्लकच नाहीत’ असे म्हणणे शक्य होते.

मात्र हे रक्षण कोणत्या भावनेतून झाले हेही ध्यानात घ्यायला हवे. सिंह मारायचा नाही असा सर्वांसाठी सारखा नियम तेथे नव्हता. सिंह कोणी मारायचा हे नवाब ठरवील, असा तो नियम होता. सिंह ही संस्थानाची दौलत होती, हिऱ्यासारखी, हत्तीसारखी. दौलतीचा धर्म असा की ती हद्दीपाशी संपते. गीरच्या कडेला धारी आणि कोडीनार हे बडोद्याच्या गायकवाडांचे महाल होते, शिवाय इतर लहान संस्थानांची गावे होती. रानातल्या प्राण्याला हद्दीचे दगड वाचता येत नाहीत. जुनागढचा सिंह रात्रीतून नदी ओलांडून शेजाऱ्याच्या रानात गेला की त्याला मिळालेले अभय तिथेच सरे. शेजारच्या मुलखात आपले सिंह मारले जातात ही जुनागढची कायमची तक्रार होती. त्या तक्रारीतला ‘आपले’ हा शब्द वाचकाने लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

सिंहाच्या मालकीचा मोह दुसऱ्याही एका मराठी दरबाराला झाला. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या राज्यात सिंह पुन्हा वसवण्याचा घाट घातला. त्यासाठी आफ्रिकेतून सिंह मागवले गेले. श्योपूरच्या बाजूला, कुनो नदीच्या रानातील डोबकुंड येथे उंच भिंतींच्या आवारात ते ठेवले होते. त्या भिंतींचे अवशेष आजही दाखवले जातात. पुढे सिंह मोकळे सोडले, आणि थोड्याच काळात ते गुरे आणि माणसे मारू लागले. काही पकडले गेले, काही मारले गेले, आणि प्रयोग संपला. परक्या मुलखातले, पिंजऱ्यात राहिलेले प्राणी माणसांनी भरलेल्या रानात सोडले तर काय होईल, हा विचार हौसेपुढे मागे पडला होता. पण कुनो हे नाव येथे प्रथम आपल्या कथेत येते. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी सिंहाच्या नावानेच ते रान पुन्हा चर्चेत यायचे होते.

१९४७ साली नवाब महाबतखानजी पाकिस्तानात निघून गेले आणि १९४८च्या सार्वमतानंतर जुनागढ भारतात आले. दौलतीचा मालक बदलला. स्वतंत्र देशाने सिंहाला राष्ट्रीय प्राण्याचा मानही दिला होता. १९७२ साली तो काढून वाघाला दिला गेला. दरम्यान १९५७ साली, एकाच ठिकाणी राहिलेली जात धोक्यात असते हे ओळखून, एक नर आणि दोन माद्या गीरमधून उत्तर प्रदेशात वाराणसीजवळच्या चंद्रप्रभा अभयारण्यात नेल्या गेल्या. १९६५पर्यंत त्यांची संख्या अकरा झाली, आणि मग ते सिंह दिसेनासे झाले. त्यांचे काय झाले याचा नीट शोध त्या वेळी घेतला गेला नाही. देखरेखीविना, लहानशा जागेत, आसपासच्या लोकांना विश्वासात न घेता केलेला प्रयोग कसा फसतो, याचा हा धडा होता. दुर्दैवाने त्याचा उपयोग पुढे धड्याऐवजी स्थलांतर न करण्याची सबब म्हणूनच अधिक झाला.

१९६५ साली गीर अभयारण्य झाले. १९६८च्या गणनेत सिंह १७७ भरले. याच काळात पॉल जॉस्लिन या संशोधकाने गीरमध्ये सिंहाचा अभ्यास केला आणि एक अवघड सत्य पुढे आले: सिंहाचे मुख्य खाद्य चितळ किंवा सांबर नव्हते, ते मालधाऱ्यांची गुरे होती. मालधारी म्हणजे गीरच्या पोटात ‘नेस’ नावाच्या काटेरी कुंपणाच्या वस्त्या करून म्हशी पाळणारे लोक: रबारी, चारण, भरवाड आणि इतर. गुरांच्या तोंडून वाचलेले गवत हरणांना पुरत नव्हते, म्हणून हरणे कमी होती. हरणे कमी म्हणून सिंह म्हशींवर जगत होता. म्हणजे नवाबाच्या हुकुमाने सिंहाला बंदुकीपासून वाचवले असेल, पण त्याचे पोट भरले ते मालधाऱ्याच्या गोठ्याने. या पोशिंद्याचे नाव कोणत्याही फर्मानात नव्हते.

१९७२पासून गीर प्रकल्पाखाली शेकडो मालधारी कुटुंबे रानाबाहेर काढण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणाऱ्यांच्या हाती नांगर देण्यात आला. १९७५ साली गाभ्याचा भाग राष्ट्रीय उद्यान झाला. रानाच्या दृष्टीने निकाल चांगला लागला हे नाकारण्यात अर्थ नाही. झाडोरा परतला, चितळ वाढले, आणि पुढच्या दोन दशकांत रवी चेल्लम यांच्यासारख्या संशोधकांना सिंहाच्या आहारात वन्य प्राण्यांचे प्रमाण गुरांहून अधिक आढळू लागले. पण ‘अभयारण्य’ हा शब्द आम्ही भाषेचे शिक्षक म्हणून उच्चारतो, तेव्हा त्यातले अभय कोणाला मिळाले आणि त्याची किंमत कोणी भरली, हे विचारल्यावाचून राहवत नाही. जे मालधारी रानात राहिले, आणि जे रानाबाहेरच्या गावांत सिंहाशेजारी राहतात, त्यांच्या सहनशीलतेला जगात फारशी तोड नाही. म्हैस गेल्यावर हळहळणारा, पण सिंहाला विष न घालणारा गुराखी हा या कथेचा खरा आधार आहे.

यानंतर कथा पुन्हा कुनोकडे वळते. १९९३ साली बडोद्यात भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत सिंहाच्या दुसऱ्या घराचा प्रश्न मांडला गेला. भारतीय वन्यजीव संस्थेने जागा पाहिल्या आणि मध्य प्रदेशातील कुनो सर्वांत योग्य ठरले. या घाईचे कारण पुढच्याच वर्षी आफ्रिकेने दाखवून दिले. १९९४ साली टांझानियातील सेरेंगेटीत कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूची साथ आली आणि तेथील सुमारे एकतृतीयांश सिंह, म्हणजे हजाराच्या आसपास, दगावले. सेरेंगेटीला ते सोसता आले, कारण आफ्रिकेत इतरत्रही सिंह होते. गीरमध्ये तेव्हा अवघे तीनशे होते, आणि गीरबाहेर या जातीचे रान नव्हते. शिवाय हे सारे सिंह मूठभर पूर्वजांपासून वाढलेले. त्यांच्यातील आनुवंशिक वैविध्य अत्यल्प. एकाच रोगाला सारे सारखेच बळी पडण्याची भीती अशा कुळात अधिक असते.

मग कुनोत सिंहासाठी जागा करण्यात आली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही वर्षांतच २४ गावे, दीड हजाराहून अधिक कुटुंबे, रानाबाहेर हलवली गेली. त्यांतले बहुसंख्य सहरिया आदिवासी होते. मोह, तेंदू, डिंक, औषधी मुळ्या यांवर जगणारी माणसे खडकाळ शेतजमिनीवर आली. त्यांना सांगितलेले कारण एकच होते: येथे सिंह येणार आहे. हे लिहीत असताना कुनोत गीरचा एकही सिंह नाही.

का नाही? कारण गुजरात सरकारने सिंह देण्यास नकार दिला. युक्तिवाद अनेक होते: कुनोत सावज पुरेसे नाही, तेथे वाघ येतात, मध्य प्रदेशात शिकारीला आळा नाही, गीरमध्ये सिंह सुखरूप आहेत. यांतील काही मुद्दे तपासून पाहण्याजोगे होतेच. पण सर्वांच्या तळाशी एक भावना होती, आणि न्यायालयात ती बोलूनही दाखवली गेली: सिंह हा गुजरातच्या कुटुंबातला आहे, राज्याची अस्मिता आहे. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. सी. के. प्रसाद यांच्या पीठाने निकाल दिला. सिंह कुटुंबातला आहे की राज्याचा अभिमान आहे हा प्रश्नच नाही, प्रश्न ती जात टिकण्याचा आहे. वन्य प्राण्यांवर कोणत्याही राज्याला मालकी सांगता येणार नाही. सहा महिन्यांत स्थलांतराची पावले उचला, असा त्याचा आशय होता. त्याच निकालाने कुनोत आफ्रिकी चित्ते आणण्याची योजनाही रद्द केली होती.

पुढे काय घडले ते तारखांनीच सांगावे. २०१८ साली सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीर पूर्वच्या दलखाणिया परिक्षेत्रात थोड्या आठवड्यांत २३ सिंह मेले, आणि काहींमध्ये तोच सेरेंगेटीचा विषाणू सापडला. परदेशातून लस मागवावी लागली. साथ पसरली नाही, हे सुदैव आणि वनखात्याची धावपळ. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानेच चित्त्यांच्या प्रयोगाला परवानगी दिली. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे आठ चित्ते कुनोत उतरले, आणि फेब्रुवारी २०२३मध्ये दक्षिण आफ्रिकेचे बारा. सिंहासाठी रिकामे केलेले रान समुद्रापलीकडच्या पाहुण्यांना मिळाले. शेजारच्या राज्यातला वारसदार वाटच पाहत राहिला. माधवरावांच्या आफ्रिकी सिंहांनंतर शंभर वर्षांनी कुनोत पुन्हा आफ्रिकेतूनच प्राणी यावेत, यातला उपरोध इतिहासाला नवा नाही.

गुजरातची बाजू येथे न्यायाने मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. १९७४ साली १८० असलेले सिंह २०१५मध्ये ५२३, २०२०मध्ये ६७४ आणि मे २०२५च्या गणनेत ८९१ झाले. गीरचे राखीव रान सुमारे १,४०० चौरस किलोमीटरांचे. सिंह मात्र आज सौराष्ट्रातील अकरा जिल्ह्यांत, सुमारे ३५,००० चौरस किलोमीटर मुलखात वावरतात. निम्म्याहून अधिक अभयारण्याबाहेर आहेत: आंब्यांच्या बागांत, उसात, समुद्रकाठच्या झुडपांत. पोरबंदरजवळच्या बरडा टेकड्यांत २०२३च्या आरंभी एक नर आपल्या पायांनी पोहोचला, आणि तेथे आता लहानसा कळप नांदतो. एवढ्या मोठ्या हिंस्र प्राण्याने माणसांच्या एवढ्या दाटीत पुन्हा पसरावे, हे कोणत्याही वनखात्याने आणि कोणत्याही समाजाने अभिमानाने सांगावे असेच आहे.

पण संख्या वाढणे आणि सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गल्लत नेमकी येथे होते. आठशे एक्क्याण्णव सिंह एकाच द्वीपकल्पात, एकाच रक्ताचे, त्याच गुरांच्या आणि भटक्या कुत्र्यांच्या सान्निध्यात राहतात. बरडा हे त्यांचे घर वाढले, दुसरे झाले नाही. साथीच्या दृष्टीने अंगण आणि ओसरी यांत फरक नसतो. उलट वस्तीत पसरलेल्या सिंहाच्या वाट्याला उघड्या विहिरी येतात, रेल्वेचे रूळ येतात, विजेची कुंपणे येतात. तेथे त्याला राखण्याचा भार पुन्हा शेतकऱ्यावर आणि गुराख्यावरच पडतो.

नवाबाच्या काळातला ‘आपले’ हा शब्द आता पुन्हा आठवावा. त्याच आपलेपणाने सिंह वाचला, यात शंका नाही. नवाबाला तो आपली दौलत वाटला नसता, मालधाऱ्याला आपला शेजारी वाटला नसता, तर कर्झनच्या सल्ल्याचा कागद कोणत्या तरी दफ्तरात पिवळा पडला असता. ज्यावर प्रेम नाही ते कोणी राखत नाही. पण हाच शब्द पुढे कुंपण झाला. संस्थानाच्या काळात सिंहाला हद्दीबाहेर अभय नव्हते. राज्यांच्या काळात त्याला हद्दीबाहेर जाण्याचीच परवानगी नाही.

मराठीत यासाठी एक जुना, घरगुती शब्द आहे: ठेव. ठेव सांभाळणाऱ्याला तिच्यावर जीव लावायला मुभा असते, पण ती आपली म्हणण्याची नसते. आणि ती एकाच पेटीत ठेवून निर्धास्त राहण्याची तर मुळीच नसते. सिंह ही गुजरातने प्रामाणिकपणे राखलेली ठेव आहे. ती थोडी दुसऱ्या घरी नेऊन ठेवल्याने राखणाऱ्याचा मान कमी होत नाही. आणि त्या दुसऱ्या घरासाठी ज्यांनी आपली २४ गावे मोडली, त्या सहरियांचे देणेही या देशाच्या खात्यावर अद्याप बाकी आहे. त्यांच्याकडून घेतलेला त्याग ज्या कारणासाठी होता, ते कारण तरी खरे करून दाखवणे हे त्या देण्यातले पहिले आहे.